'सोळा कोटी कुठून आणू?' आणि तुमची बाकीची पत्रं

मागच्या अंकात मी एसएमएबद्दल, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर विचारा. मला वाटलं दोन-चार पत्रं येतील. इनबॉक्स भरला. निम्म्याहून जास्त पत्रं पैशाबद्दल आहेत, कुठून आणायचे, कुणाला द्यायचे, दिलेले खरंच पोचतात का. मी डॉक्टर नाही. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला टाइप टू एसएमए आहे (मधला प्रकार, बसता येतं पण चालता येत नाही), त्यामुळे हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून जे शिकले तेवढंच सांगते. डोसबिस सगळं तुमच्या डॉक्टरला विचारूनच करा.

ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या मज्जारज्जूत स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशी असतात, त्यांना जगायला एक प्रोटीन लागतं आणि ते एसएमएन१ नावाच्या जीनवरून तयार होतं. एसएमए असलेल्या बाळाकडे हा जीन चालू स्थितीत नसतो. शेजारी एसएमएन२ नावाचा त्याचा जुळा भाऊ असतो पण तो कामचुकार, धड प्रोटीन जेमतेम दहा टक्के बनवतो. त्यामुळे पेशी मरत जातात, स्नायू सुटत जातात. डोकं मात्र एकदम तल्लख, हे लोकांना पटकन पटत नाही.

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. मान धरत नव्हता, पाय बेडकासारखे पसरून पडायचा, आम्ही म्हणायचो गुटगुटीत आहे म्हणून आळशी आहे. मागच्या आठवड्यात रिपोर्ट आला, एसएमए टाइप वन. सोळा कोटींचं इंजेक्शन लागतं म्हणे. भाऊजींनी नोकरीवरून सुट्टी काढून व्हिडिओ बनवायला घेतलेत, सासरे सातबारा घेऊन दलालाकडे जाऊन आले. सगळं गाव मदत करेल पण सोळा कोटी कुठून आणू? (एक मावशी, सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, आधी त्या सासऱ्यांना दलालाकडून परत बोलवा. खरंच. जमीन विकायची वेळ आलेली नाही आणि ज्या गोष्टीची वेळ आलीये ती वेगळीच आहे.

टाइप वन म्हणजे जन्मानंतर काही महिन्यांतच दिसणारा गंभीर प्रकार, त्यात पैशापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. उपचार नाही मिळाला तर ही बहुतेक बाळं दोन वर्षांच्या आत जायची, पूर्वी हेच व्हायचं. आणि गेलेली पेशी कुठल्याच औषधाने परत येत नाही, सोळा कोटींच्या नाही आणि सोळा हजारांच्याही नाही. म्हणजे वर्गणीची मोहीम चालू आहे, रक्कम वाढतीये, टीव्हीवाले येऊन गेले, असं करत सहा महिने गेले तर त्या सहा महिन्यांत बाळाच्या पेशी कुणाची वाट बघत थांबलेल्या नसतात. मी हे डोळ्यांनी बघितलंय, नाव गाव सांगत नाही.

आज तीन औषधं आहेत. नुसिनर्सेन, हे पाठीच्या कण्यात टोचतात, पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा आणि मग दर चार महिन्यांनी, आयुष्यभर. झोल्जेन्स्मा, हेच ते सोळा कोटींचं, एकदाच शिरेतून देतात, त्यात निरुपद्रवी केलेल्या व्हायरसच्या पाठीवर बसवून चांगला जीन आत पाठवतात. आणि रिस्डिप्लॅम, हे तोंडातून घ्यायचं रोजचं सिरप, जे त्या कामचुकार भावाकडून जास्त काम करून घेतं.

आता हिशोब ऐका. रिस्डिप्लॅमची बाटली २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत साधारण सहा लाख वीस हजारांना होती. त्या महिन्यात हैदराबादच्या नॅटको कंपनीची जेनेरिक बाटली आली, छापील किंमत १५,९००. एका बाटलीत साठ मिलिग्रॅम औषध. दोन महिने ते दोन वर्षं या वयात डोस असतो किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे तुमचा भाचा सहा किलोचा धरला तर रोज १.२. साठ भागिले १.२, पन्नास दिवस. पन्नास दिवसांना १५,९००, महिन्याला दहा हजारांच्या आत. वजन वाढेल तसा खर्च वाढणार हे धरून चला, पण हा आकडा गावाला सोडा, दोन मावश्या मिळून पेलू शकतात.

मग झोल्जेन्स्मा वाईट का? नाही हो. एकदाच द्यायचं हा केवढा मोठा फायदा आहे, रोजची बाटली नाही की फ्रीजची काळजी नाही. पण तिन्ही औषधं समोरासमोर ठेवून कुठलं सरस हे ठरवणारी ट्रायल झालेली नाही, आणि 'महाग तेच खरं, बाकीचं तात्पुरतं' हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं त्याला आधार नाही. शिवाय ते बाळाला चालेल का हे आधी बघावं लागतं, त्या व्हायरसविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात जास्त असतील तर देता येत नाही, लिव्हरवर ताण येतो म्हणून स्टेरॉइड द्यावं लागतं. भाऊजींना मोहीम चालवायची असेल तर चालवू दे पण सिरप आधी सुरू होऊ दे, एवढंच माझं म्हणणं.

या आठवड्यात करायचं काम म्हणजे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये नोंदणी. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली जी सेंटर ऑफ एक्सलन्स, म्हणजे अशा आजारांसाठी ठरवलेली हॉस्पिटलं, नेमलीत त्यात महाराष्ट्रात केईएम आहे, आणि २०२२ पासून धोरणातल्या कुठल्याही गटातल्या आजाराच्या रुग्णाला पन्नास लाखांपर्यंत मदत होऊ शकते. ती तुमच्या खात्यात येत नाही, सेंटरमार्फतच मिळते. कागद जमवायला वेळ लागतो म्हणून आजच सुरुवात. आणि डॉक्टरला श्वासाचं विचारा, गिळण्याचं विचारा. औषध चालू असतानासुद्धा या बाळांना घात करतो तो साधा सर्दी-कफ. बायपॅप मशीन (मास्कमधून श्वासाला मदत करणारं) घरी लागेल का, दूध नळीने द्यावं का, हे प्रश्न मोहिमेच्या गडबडीत कुणी विचारतच नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाने यंदा देखावा साधा करून तीन लाख वाचवायचं ठरवलंय. अशा आजाराच्या संशोधनाला द्यावे असं काही जणांचं मत, तर बाकीचे म्हणतात संशोधन वगैरे अमेरिकेत होतं, आपल्या तीन लाखांनी काय होणार, त्यापेक्षा एखाद्या बाळाला द्या. तुम्ही काय म्हणाल? (खजिनदार, नाशिक)

उत्तर : दादा, 'आपल्या तीन लाखांनी काय होणार' या वाक्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण या आजाराच्या औषधांच्या मुळाशी आईवडिलांनी उभे केलेले पैसे आहेत. अतिशयोक्ती नाही.

फ्रान्समध्ये १९५८ साली काही आईवडिलांनी स्नायूंच्या आजारांसाठी एक संघटना काढली, तिचं नाव एएफएम. जवळजवळ तीस वर्षं कुणी विचारत नव्हतं. मग १९८७ च्या डिसेंबरात त्यांनी टेलिथॉन सुरू केला, टीव्हीवर तीस तास सलग कार्यक्रम, आणि त्याच वेळी गावागावात लोक केक विकतायत, अग्निशामक दलाचे जवान धावतायत, शाळेची पोरं डबे घेऊन फिरतायत. आपला गणेशोत्सवच म्हणा ना, फक्त मूर्तीशिवाय. दरवर्षी डिसेंबरात अजूनही होतो. त्या पैशातून १९९० मध्ये पॅरिसजवळ एव्हरी इथे जेनेथॉन नावाची प्रयोगशाळा उभी राहिली. म्हणजे मालक कोण तर पेशंटची संघटना! १९९५ मध्ये पॅरिसमध्येच ज्युडिथ मेल्की यांच्या टीमने एसएमएन१ हा जीन शोधून काढला. आणि पुढे तो एएव्ही९ नावाचा व्हायरस, ज्याच्या पाठीवर बसून आज झोल्जेन्स्मा जातं, तो शिरेत टोचला तरी मज्जारज्जूपर्यंत पोचतो हे ज्या मोजक्या प्रयोगशाळांनी दाखवलं त्यात जेनेथॉन होती.

अमेरिकेत १९८४ साली शिकागोजवळ पालकांनी फॅमिलीज ऑफ एसएमए काढली, आता तिला क्युअर एसएमए म्हणतात. त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात काम करणाऱ्या रवींद्र सिंह नावाच्या शास्त्रज्ञाला पैसे दिले, त्या वेळी हे काम अगदी कच्चं होतं. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसएमएन२ मध्ये एक छोटी जागा शोधली जी त्या भावाला आळशी ठेवते. ती जागा झाकली की तो कामाला लागतो. नुसिनर्सेन नेमकं तिथेच जाऊन बसतं, अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या एड्रियन क्राइनर यांनी आयोनिस कंपनीबरोबर ते तयार केलं आणि २०१६ च्या डिसेंबरात त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. रिस्डिप्लॅमचंही तसंच, दिनकर सिंग आणि लोरेन एंग या न्यूयॉर्कच्या जोडप्याने मुलीला एसएमए निघाल्यावर २००३ मध्ये एसएमए फाउंडेशन काढलं, छोट्या कंपनीला हाताशी धरलं, पुढे रोश ही मोठी औषध कंपनी आली, आणि २०२० मध्ये औषध बाजारात. जीन सापडल्यापासून पंचवीस वर्षं.

म्हणून तीन लाखांना कमी समजू नका. पण (हा 'पण' मला लिहावाच लागतोय) संशोधनाला पैसे द्यायचे म्हणजे कुणाला? 'आम्ही संशोधन करतो' असं पत्रकावर छापणाऱ्या सगळ्या संस्था संशोधन करत नाहीत. मला विचाराल तर आज महाराष्ट्रात तीन लाखांचं सगळ्यात मोठं काम जीन शोधण्यात नाही, तर त्याच्या आसपासच्या रिकाम्या जागा भरण्यात आहे. सरकारी हॉस्पिटलच्या बालरोग विभागाला एक कफ असिस्ट मशीन, म्हणजे छातीतला कफ बाहेर काढायला मदत करणारं. फिजिओथेरपिस्टचा वर्षभराचा पगार. ज्या घरी एक मूल निघालंय त्या घरातल्या नातेवाइकांच्या कॅरियर टेस्ट, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी बिघडलेला जीन अंगात आहे का हे बघणारी तपासणी. ज्या मुलांना गावातून मुंबईला यायला गाडीभाडं नाही त्यांचं गाडीभाडं, हे तर कुणीच देत नाही कारण गाडीभाड्याचा फोटो निघत नाही.

एक तांत्रिक गोष्ट. उत्सवासाठी वर्गणी काढायला तुम्ही धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१-क खाली परवानगी घेता ना, ती उत्सवासाठी असते. आजारासाठी वेगळी वर्गणी गोळा करणार असाल तर अर्जात तसं लिहून परवानगी घ्या, आणि पावती पुस्तक वेगळं छापा. एका डब्यात दोन कारणांचे पैसे टाकले की पुढच्या वर्षी मीटिंगमध्ये भांडणं ठरलेली, हे मी तुम्हाला काय सांगायचं.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. आपण म्हणता आईवडिलांनी वर्गणी काढून संशोधन केलं. मग ते औषध कंपनीने सोळा कोटींना विकावं आणि पुन्हा आईवडिलांनीच वर्गणी काढून विकत घ्यावं? हा काय न्याय झाला? (ठाणे)

उत्तर : काका, तुम्ही माझ्या तोंडातलं बोललात. प्रयोगशाळेतल्या उंदरापासून बाळापर्यंत यायला खर्च प्रचंड होतो हे खरं, ट्रायल, कारखाना, सगळं, आणि तो टेलिथॉनच्या पैशात भागत नाही. पण झोल्जेन्स्मा बनवणारी अ‍ॅव्हेक्सिस ही छोटी कंपनी नोव्हार्टिसने २०१८ मध्ये ८७० कोटी डॉलर मोजून घेतली, पुढच्याच वर्षी औषधाला मान्यता मिळाली आणि किंमत लावली २१ लाख डॉलरच्या वर. म्हणजे त्या किमतीत नुसता औषधाचा खर्च नाही, कंपनी विकत घेतल्याचाही बोजा आहेच, हे बँकेतल्या माणसाला मी वेगळं समजवायला नको. ते २१ लाख डॉलर २०२१ च्या दराने साधारण सोळा कोटी होत होते, तोच आकडा आपल्याकडे पोस्टरवर येतो. पूर्वी वर करही होता. मग २०२१ च्या सप्टेंबरात जीएसटी कौन्सिलने वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या झोल्जेन्स्मावरचा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, काढला आणि १ एप्रिल २०२३ पासून दुर्मिळ आजार धोरणातल्या सगळ्या आजारांच्या, अशाच वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या औषधांवरची बेसिक कस्टम ड्युटी गेली. अजूनही काही पोस्टरवर 'कर धरून बावीस कोटी' असं छापलेलं दिसतं, ते बघितलं की समजायचं पोस्टर जुन्या पोस्टरवरून कॉपी केलंय.

किंमत खरी खाली आली ती कोर्टात. रोशने नॅटकोला जेनेरिक रिस्डिप्लॅम काढण्यापासून रोखायला दिल्ली हायकोर्टात दावा लावला, पेटंट २०३५ पर्यंत आहे म्हणून. मार्च २०२५ मध्ये कोर्टाने स्थगिती नाकारली, ऑक्टोबरात खंडपीठानेही नाकारली, आठ-दहा दिवसांत सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला, आणि सहा लाखांची बाटली सोळा हजारांवर आली. मला आठवतंय त्या संध्याकाळी आमच्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी नुसता आकडा टाकला, १५,९००, बाकी काही नाही. पाच मिनिटं कुणी काही लिहिलंच नाही. मग एकीने विचारलं, 'शून्य राहिलं का टायपायचं?'

आता सरकारच्या पन्नास लाखांकडे या नजरेने बघा. वीस किलोच्या वरच्या मुलाला रोज पाच मिलिग्रॅम, म्हणजे बाटली बारा दिवस. जुन्या छापील किमतीत पन्नास लाखांत आठ बाटल्या, तीन महिने. खूप घरांमध्ये असंच मदत संपली आणि पुढे काय हा प्रश्न उभा राहिला. नव्या किमतीत तीनशे चौदा बाटल्या. दहा वर्षं! मदतीची रक्कम तेवढीच, नुसती बाटलीची किंमत बदलली तर हे झालं. म्हणून मी म्हणते की किंमत पाडायला लढणाऱ्या पालकांनाही वर्गणी द्या, वकिलाची फी हा सुद्धा उपचाराचाच खर्च आहे.

प्रश्न : रस्त्यात, लोकलमध्ये, फोनवर रोज कुठल्या ना कुठल्या बाळाचं पोस्टर. मन हेलावतं आणि पाचशे रुपये टाकले जातात, मग रात्री वाटतं की फसलो तर नाही? कसं ओळखायचं? (गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : फसायची भीती वाटते म्हणून देणं थांबवू नका, पण पोस्टरवरचा क्यूआर कोड लगेच स्कॅन करू नका. चांगल्या पोस्टरवर चोर स्वतःचा स्टिकर चिकटवतात, हे होतं. स्कॅन केल्यावर पैसे पाठवायच्या आधी नाव दिसतं ते वाचा, बाळाच्या आईबापाचं किंवा संस्थेचं आहे की भलत्याच कुणाचं. हॉस्पिटलचं नाव असेल तर तिथल्या समाजसेवा विभागाला फोन लावा, या नावाचं मूल तुमच्याकडे आहे का एवढं विचारलं तरी पुरे, आणि शक्य असेल तर थेट हॉस्पिटलच्या खात्यात त्या पेशंटच्या नावे भरा. जमलेल्या रकमेचं काय झालं हे कधीतरी सांगितलंय का ते बघा. बाळ दुर्दैवाने गेलं तर उरलेल्या पैशांचं काय, हे आधीच लिहून ठेवणारी मोहीम मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, लिहायला किती जड जात असेल विचार करा.

आमचाच किस्सा सांगते. २०१९ मध्ये मुलीच्या बायपॅपसाठी आणि पाठीच्या ब्रेससाठी आम्ही एका ऑनलाइन साइटवर मदत मागितली होती, नाव कशाला घ्या. माझ्या आत्याने पाच हजार भरले आणि मला फोन करून म्हणाली अगं मी पाच हजार सातशे पन्नास कसे दिले गं? बघते तर खाली 'टिप' म्हणून एक रेघ होती, ती आधीच पंधरा टक्क्यांवर ठेवलेली, आपण हाताने शून्यावर न्यायची. सत्तर वर्षांच्या आत्याला ती रेघ दिसणार होती का? म्हणून पैसे भरताना शेवटचा आकडा वाचा. आणि दानावरची इन्कम टॅक्सची सूट, जिला लोक ऐंशी-जी म्हणतात, हवी असेल तर ती नोंदणी असलेल्या संस्थेलाच दिल्यावर मिळते, थेट बाळाच्या बाबांना जीपे केलं तर नाही. रोख दोन हजारांच्या वर दिली तरी नाही.

प्रश्न : माझ्या मामाच्या मुलीशी माझं लग्न झालं. पहिला मुलगा एसएमएने गेला, एक वर्षाचा होता. घरात सगळे बायकोलाच बोलतात, पांढऱ्या पायाची म्हणतात. आता दुसऱ्यांदा विचार करतोय पण भीती वाटते. (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. घरच्यांना हे पत्र वाचून दाखवा, मोठ्याने. मुलाला हा आजार व्हायला दोन बिघडलेले जीन लागतात, एक आईकडून एक बापाकडून. एकटीकडून होतच नाही. म्हणजे पाय पांढरे असतील तर चारही, दोन तुमचे धरून. आणि तुमचं मामाच्या मुलीशी लग्न घरच्यांनीच लावलं असेल तर त्यांनी तरी बोलूच नये.

आपल्याकडे हा जीन दुर्मिळ नाही. लखनौच्या एसजीपीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या अभ्यासात अडतीस माणसांमागे एक कॅरियर निघाला. कॅरियरला स्वतःला काही होत नाही, कळतही नाही. नवराबायको दोघं कॅरियर असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, पहिलं गेलं म्हणून पुढची तीन चांगली असा त्याचा अर्थ नाही, हा गैरसमज मी डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाच्या पोराकडूनसुद्धा ऐकलाय. नात्यात लग्न असलं की दोघांकडे एकाच आजोबाचा तोच जीन असायची शक्यता वाढते.

करायचं असं : मुलाचा जुना रिपोर्ट शोधा, एमएलपीए (जीनच्या प्रती मोजणारी तपासणी) असं लिहिलं असेल. तो घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडे जा, दोघांची रक्ततपासणी होईल. दिवस राहिल्यावर अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलातून बाळाची तपासणी करता येते. म्हणून दिवस राहायच्या आधी जा, चौथ्या महिन्यात धावपळ नको. आणि तुमच्या बहिणी, मेव्हणे, मामाची बाकीची मुलं, त्यांनाही सांगा. सांगणं अवघड आहे मला माहितीये, माझ्या दिराने वर्षभर टेस्ट केली नाही, 'आमच्यात असलं काही नाही' म्हणून. मग केली. निघाला.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मंडळातल्या दहा-बारा कुटुंबांना महाराष्ट्रातल्या एसएमए मुलांसाठी दरवर्षी काही रक्कम पाठवायची आहे. गावाकडच्या ट्रस्टला पाठवली तर चालेल ना?

उत्तर : थांबा, आधी पासपोर्ट बघा. भारतातल्या ट्रस्टला परदेशी पैसे घ्यायचे तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि ते दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. तुमच्यात ज्यांचा भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी धरत नाहीत. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड असलेल्यांचे धरतात, नाव कुलकर्णी असलं तरी. आणि मंडळ तिथे नोंदलेली संस्था असेल तर तिचे पैसे परदेशीच. गावच्या भल्या ट्रस्टला माहीत नसताना तुमचे डॉलर आले तर अडचणीत ते येतील, तुम्ही नाही. एफसीआरए असलेली संस्था शोधा आणि तिच्याकडून नोंदणीचा कागद मागवा, लाजू नका.

तुमच्याकडे नवजात बाळाची टाचेला टोचून जी रक्ततपासणी होते त्यात एसएमए आहे, २०१८ मध्ये ते देशाच्या शिफारशीच्या यादीत आलं. लक्षणं दिसायच्या आधी औषध मिळालेली मुलं बसतात, बरीचशी चालतात. आपल्याकडे हे सरसकट होत नाही. तुमच्यातल्या कुणाला इथल्या एखाद्या प्रसूतिगृहात अशी तपासणी सुरू करायला हातभार लावता आला तर रकमेपेक्षा जास्त होईल.

प्रश्न : माझ्या मुलाच्या वर्गात, चौथीत, एसएमए असलेली एक मुलगी आहे, व्हीलचेअरवर येते. तिला वाढदिवसाला बोलवायचंय पण आई काय म्हणेल, तिला काय खायला चालतं, तिला वाईट वाटेल का, काही कळत नाही. (पुणे)

उत्तर : बोलवा हो! आई काय म्हणेल तर आई रडेल बहुतेक, मी रडले होते. खायला सहसा सगळं चालतं, फक्त चावायला जड असेल तर वेळ लागतो, त्यामुळे पावभाजी उत्तम. आधी एक फोन करून विचारा. औषधाची वेळ असेल तर आई येताना बर्फाच्या पिशवीत बाटली घेऊन येईल, तुमच्या फ्रीजमध्ये ठेवू द्या. ते औषध दुधात मिसळायचं नसतं, सिरिंजमध्ये ओढलं की पाच मिनिटांत द्यायचं, म्हणून ती मध्येच गप्पा सोडून उठली तर गैरसमज नको. आमच्याकडे ती बाटली दह्याच्या भांड्यामागे असते आणि गेल्या नोव्हेंबरपासून दर बारा दिवसांनी बदलते. मुलगी चालत नाही, चालणारही नाही. पण संध्याकाळपर्यंत लिहून हात दुखतो म्हणायची ते कमी झालंय, आणि परवा पाण्याचा भरलेला पेला एका हाताने तोंडापर्यंत नेला, मी बघितलं नाही असं दाखवलं.

खेळ बसून खेळायचे ठेवा, हाऊजी, पत्ते, दमशराज. फुगे फोडणं नको, व्हीलचेअरवाल्या मुलांना पळता येत नाही आणि सगळी गर्दी अंगावर येते. आणि आज जाता-येता बघा, तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टआधी दोन पायऱ्या आहेत का. आपल्याला त्या कधीच दिसत नाहीत. असतील तर वॉचमनला सांगून एक जाड प्लायवूडची फळी आणून ठेवा, जितकी लांब तितकी बरी, छोटी आणलीत तर चढ उभा होतो आणि खुर्ची मागे कलते.